यजमानाचा चषक : जपानमधील प्रांतिक संघांचा राष्ट्रीय क्रीडामहोत्सव – एक चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडास्पर्धेचे यजमानपद ही वरवर पाहता केवळ व्यवस्थापनाची बाब वाटते. मैदाने किती आहेत, खेळाडूंच्या निवासाची सोय काय, खर्च कोणी सोसावयाचा, अशा प्रश्नांभोवतीच तिची चर्चा फिरत राहते. परंतु स्पर्धेत उतरणारे संघ क्लबांचे, विद्यापीठांचे अथवा उद्योगसमूहांचे नसून स्थानिक शासनसंस्थांचे असतील, तर यजमानपदाचा प्रश्न क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित राहत नाही. अशा स्पर्धेत मैदान बांधणारी, त्यासाठी सार्वजनिक निधी खर्च करणारी, खेळाडूंना नोकरी देणारी आणि अखेरीस विजयाचे श्रेय घेणारी संस्था एकच असते. त्यामुळे तेथे मिळालेला विजय हा क्रीडागुणांचा आहे की प्रशासकीय सामर्थ्याचा, हा प्रश्न अटळपणे उपस्थित होतो. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण या चारही विद्याशाखांना त्यात रस वाटावा असे त्याचे स्वरूप आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जपानमधील राष्ट्रीय क्रीडामहोत्सवाइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. ‘कोकुताई’ या संक्षिप्त नावाने ओळखला गेलेला हा महोत्सव १९४६ साली सुरू झाला. देशातील ४७ प्रांतांचे संघ त्यात परस्परांशी स्पर्धा करतात आणि दरवर्षी वेगळा प्रांत यजमान होतो. एप्रिल २०२४ मध्ये मियागी प्रांताचे राज्यपाल व त्या वेळचे राष्ट्रीय राज्यपाल संघटनेचे अध्यक्ष मुराई योशिहिरो यांनी, हा महोत्सव बंद करणे हाही एक विचारार्ह पर्याय आहे, असे मत जाहीरपणे मांडले. महोत्सवाचा भार वाहणाऱ्यांच्या अग्रणीनेच असे म्हणावे, ही गोष्ट गंभीर आहे. प्रस्तुत लेखात या महोत्सवाच्या यजमानपदाची चिकित्सा करून भारतातील, विशेषतः महाराष्ट्र व गोव्यातील, राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या अनुभवाशी तिचा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. उगम आणि रचना

जपानी प्रांत म्हणजे आपल्याकडील राज्य नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. जपान हे एकात्म राष्ट्र असून तेथील प्रांत ही स्थानिक स्वराज्याची वरची पायरी आहे. खालच्या पायरीवर शहरे, गावे व खेडी येतात. लोकांनी थेट निवडून दिलेला राज्यपाल आणि निर्वाचित सभा अशी प्रांताची रचना असते. अधिकारांच्या दृष्टीने पाहिल्यास आपल्या घटकराज्यापेक्षा एखाद्या मोठ्या व सधन जिल्हा परिषदेच्या कल्पनेला तो अधिक जवळचा आहे. म्हणूनच कोकुताई ही खऱ्या अर्थाने स्थानिक शासनसंस्थांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा ठरते.

महायुद्धापूर्वी, १९२४ पासून, तोक्योत मेइजी मंदिराच्या नावाने राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरत असत. त्या राजधानीत होत आणि युद्धकाळात लष्करी कवायतीकडे झुकल्या. १९४५ च्या पराभवानंतर वर्षभरातच, बॉम्बहल्ल्यांतून बऱ्याच अंशी वाचलेल्या क्योतो शहरात व शेजारच्या प्रांतांत, पहिली कोकुताई भरविण्यात आली. अन्नटंचाईच्या आणि परकीय ताब्याच्या त्या दिवसांत लोकांना एकत्र आणण्याची निकड तिच्यामागे होती. पुढे १९४७ साली स्थानिक स्वायत्ततेचा कायदा झाला. तोपर्यंत मध्यवर्ती सरकारने नेमलेले राज्यपाल त्या वर्षापासून लोकांनी निवडलेले राज्यपाल झाले. कोकुताई आणि स्थानिक स्वराज्य ही अशी एकाच काळाची अपत्ये आहेत. महोत्सवाने राजधानी सोडून प्रांतोप्रांती फिरावे, या कल्पनेत त्या काळाची लोकशाही आकांक्षा निश्चितच होती.

१९४८ साली फुकुओका येथील तिसऱ्या महोत्सवापासून प्रांतांच्या एकूण गुणांवर सम्राट चषक आणि महिलांच्या गुणांवर सम्राज्ञी चषक देण्यास आरंभ झाला. १९६१ च्या क्रीडाप्रसार कायद्याने मध्यवर्ती क्रीडासंघटना, केंद्र सरकार आणि यजमान प्रांत हे तिघे मिळून हा महोत्सव भरवितील, अशी तरतूद केली. संयोजक तीन असले तरी मैदाने उभारण्याचा, माणसे कामाला लावण्याचा आणि पाहुण्यांची सरबराई करण्याचा मोठा भार यजमान प्रांतावर व त्यातील शहरा-गावांवरच पडत गेला. देशाचे पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन विभाग कल्पून यजमानपद फिरते ठेवण्यात आले. १९८७ साली ओकिनावा येथे पहिली फेरी पूर्ण झाली आणि १९८८ पासून पुन्हा क्योतोहून दुसरी फेरी सुरू झाली.

२. १९६४ नंतरचा नियम

आरंभीच्या काळात सम्राट चषक प्रायः तोक्योकडे जात असे. विद्यापीठे, मोठे उद्योग आणि त्यांचे क्रीडासंघ राजधानीत एकवटलेले असल्यामुळे त्यात आश्चर्य नव्हते. हे चित्र १९६४ साली निइगाता येथे पालटले. तोक्यो ऑलिंपिक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असल्याने निइगाताचा महोत्सव जून महिन्यात भरला आणि यजमान निइगाताने चषक जिंकला. तेथून २००१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके, दरवर्षी यजमान प्रांतच विजयी होत राहिला.

निइगाताच्या त्या विजयाला एक करुण पुरवणी जोडलेली आहे. महोत्सव संपून पाच दिवस होत नाहीत तोच, १६ जून १९६४ रोजी, त्या शहराला प्रचंड भूकंपाचा तडाखा बसला. महोत्सवाच्या निमित्ताने त्याच वर्षी पूर्ण झालेल्या शोवा पुलाचे गाळे नदीत कोसळले. जवळचा १९२९ सालचा जुना बांदाई पूल मात्र उभा राहिला. भूकंपात जमिनीचे द्रवीभवन झाले हे त्या पडझडीचे शास्त्रीय कारण होते आणि त्याचा दोष महोत्सवाला देणे अन्यायाचे होईल. तरीही महोत्सवासाठी उभे केलेले सर्व काही आपोआप चिरंतन वारसा ठरते, या गृहीतकाकडे सावधपणे पाहावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

सलग चार दशके यजमानच जिंकतो, ही गोष्ट घरच्या मैदानाच्या मानसिक लाभाने स्पष्ट होऊ शकत नाही. खेळात अनिश्चितता असते म्हणूनच तो खेळ असतो. ज्या स्पर्धेचा निकाल यजमानाचे नाव जाहीर होताच सांगता येतो, त्या स्पर्धेत चषक नेमके काय मोजतो, असा प्रश्न विचारणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

३. विजयाची यंत्रणा

या विजयामागे दोन प्रकारची कारणे दिसतात. पहिले कारण नियमांतच आहे. इतर प्रांतांच्या संघांना अनेक क्रीडाप्रकारांत विभागीय पात्रता फेरी पार करून यावे लागते. यजमानाला मात्र सर्व प्रकारांत थेट प्रवेश मिळतो. पहिल्या आठ क्रमांकांना गुण, केवळ सहभागासाठीही गुण आणि सांघिक खेळांना अधिक वजन, अशी गुणपद्धती असल्यामुळे सर्वत्र उपस्थित असणारा यजमान धावण्याच्या शर्यतीत चार पावले पुढेच उभा असतो.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. यजमानपद निश्चित झाले की प्रांताचे प्रशासन अनेक वर्षे आधीपासून ‘खेळाडूबळ वाढविण्याचे’ कार्यक्रम हाती घेते. यात स्थानिक मुलांचे प्रशिक्षण असते, तसेच बाहेरील तयार खेळाडूंना आणणेही असते. अशा खेळाडूंना प्रांताच्या शाळांत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून, क्रीडासंघटनेत कर्मचारी म्हणून अथवा स्थानिक कंपन्यांत नोकर म्हणून सामावून घेतले जाते. महोत्सव आटोपला की त्यांतील काही जण पुढच्या यजमान प्रांताकडे प्रस्थान ठेवतात. अशा फिरत्या खेळाडूंसाठी जपानी वृत्तपत्रांत उपहासात्मक नावही रूढ झाले.

या व्यवहाराची कमाल मर्यादा यामागुची प्रांताच्या प्रकरणात दिसून आली. २०११ चा यजमान असलेल्या या प्रांताने त्याआधीच्या, २०१० च्या चिबा येथील महोत्सवात उतरविलेल्या काही खेळाडूंचे वास्तव्य प्रत्यक्षात त्या प्रांतात नव्हते, ही गोष्ट उघडकीस आली. वाद झाला, चौकशी झाली, खेळाडू अपात्र ठरले आणि पुढील वर्षी यामागुचीने यजमान म्हणून चषकही जिंकला. नियमाचा भंग करणारा एखादा प्रांत अपवाद म्हणून सोडून देता येईल. परंतु ‘आमच्या मातीतील संघ’ या शब्दांचा अर्थच कागदावरच्या पत्त्यापुरता उरला असेल, तर दोष एका प्रांताचा न राहता व्यवस्थेचा होतो.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. बाहेरून आलेला प्रत्येक खेळाडू उपरा ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. शिक्षक म्हणून आलेले काही जण त्याच प्रांतात राहिले, त्यांनी शाळांतून पिढ्या घडविल्या. माणूस बाहेरून आला की नाही हा गौण मुद्दा आहे. तो महोत्सवानंतर तेथे राहिला काय, आणि त्याला तेथे राहता यावे अशी सोय यजमानाने केली काय, हे पाहावयास हवे.

४. कोचीचा नकार आणि तोक्योचा पेच

२००२ साली ही परंपरा प्रथमच खंडित झाली. शिकोकू बेटावरील कोची हा लहान व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रांत त्या वर्षी यजमान होता. पूर्वी दूरचित्रवाणीवर पत्रकार असलेले हाशिमोतो दाईजिरो तेथे राज्यपाल होते. चषक जिंकण्यासाठी बाहेरील खेळाडू गोळा करावयाचे नाहीत आणि महोत्सव शक्य तितका साधेपणाने पार पाडावयाचा, अशी भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. चषक तोक्योने जिंकला आणि यजमान कोची दहावा आला.

यजमानाने दहावे येणे ही त्या महोत्सवाच्या इतिहासातील एक प्रामाणिक घटना होती. ऋण काढून सण साजरा करण्यास नकार देणारा राज्यकर्ता विरळाच. परंतु एका प्रांताच्या नकाराने रीत मोडत नाही. २००३ पासून २०१५ पर्यंत पुन्हा दरवर्षी यजमानच जिंकत राहिला. म्हणजे कोचीने प्रश्न विचारला, उत्तर मात्र कोणी दिले नाही. प्रत्येक राज्यपालापुढे एकच हिशोब होता : आपल्या आधीचे सर्व जिंकले, तर हरणारा आपण का व्हावे? निवडणुकीला सामोऱ्या जाणाऱ्या नेत्याला विजयाचा खर्च परवडतो, पराभवाचे स्पष्टीकरण परवडत नाही. एकदा सर्वांनी स्वीकारलेली चुकीची प्रथा एकट्याने सोडणे का कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२०१६ नंतर मात्र चित्र बदलू लागले. मार्च २०११ च्या सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते प्रांताने ठरल्याप्रमाणे २०१६ चे यजमानपद निभावले. चषक तोक्योकडे गेला आणि इवाते दुसरा राहिला. २०१७ साली एहिमेच्या वाट्यालाही दुसराच क्रमांक आला. २०१८ मध्ये फुकुई व २०१९ मध्ये इबाराकी या यजमानांनी चषक जिंकला. करोनाच्या साथीमुळे २०२० चा कागोशिमाचा महोत्सव पुढे ढकलून २०२३ साली घ्यावा लागला आणि २०२१ चा मिए येथील महोत्सव रद्दच झाला. साथीनंतरच्या २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षी, यजमान अनुक्रमे तोचिगी, कागोशिमा व सागा असताना, विजय तोक्योचाच झाला.

येथेच सरळ वाटणारी टीका अडखळते. यजमानाचा कृत्रिम विजय नाहीसा झाला की खरा क्रीडागुण प्रकट होईल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रकट होते ती राजधानीची मक्तेदारी. लोकसंख्या, विद्यापीठे, उद्योग, प्रशिक्षक ही सारी साधने जेथे एकवटली आहेत, तेथेच चषक जातो. या दृष्टीने पाहता, यजमानाचा विजय ही एक प्रकारची अलिखित वाटणी होती, असेही म्हणता येते. चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा का होईना, प्रत्येक प्रांताला पहिला येण्याचा मान मिळत होता. परंतु ही वाटणी मानाची होती, साधनांची नव्हती. चषक एका वर्षासाठी प्रांतात येई. राजधानी आणि प्रांत यांच्यातील दरी तशीच राही. विषमतेवर पांघरूण घालणारा उत्सव आणि विषमता कमी करणारे धोरण यांत गल्लत होऊ नये, हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.

५. योमितानचा ध्वज : यजमान कोण, धनी कोण?

यजमानपदाची दुसरी बाजू अधिकाराची आहे. खर्च स्थानिक संस्थेचा असतो. सोहळ्याचे स्वरूप कोण ठरवितो? या प्रश्नाला १९८७ साली ओकिनावात तीव्र रूप आले. महायुद्धाच्या अखेरीस झालेल्या लढाईत ओकिनावाची अपरिमित मनुष्यहानी झाली होती. १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी सैन्य ज्या किनाऱ्यावर उतरले, त्याला लागूनच योमितान हे खेडे आहे. शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा मरण बरे, या शिकवणुकीपोटी तेथील एका गुहेत गावकऱ्यांनी सामूहिक आत्मनाश केला होता. १९७२ पर्यंत ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहिले. अशा भूमीवर कोकुताईची पहिली फेरी पूर्ण होणे, याला राष्ट्रीय एकात्मतेचा अर्थ देण्यात आला होता. सम्राट हिरोहितो तेथे जाणार होते. आजारपणामुळे त्यांच्याऐवजी युवराज अकिहितो गेले.

महोत्सवात योमितानकडे सॉफ्टबॉलचे यजमानपद होते. राष्ट्रध्वजाच्या सक्तीला गावात विरोध होता. क्रीडासंघटनेच्या वरिष्ठांनी मात्र ध्वजारोहणाचा आग्रह धरला. अखेर ध्वज उभारला गेला आणि २६ ऑक्टोबर १९८७ रोजी चिबाना शोइचि या स्थानिक दुकानदाराने तो खाली ओढून जाळला. पुढे न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. ध्वज जाळण्याच्या कृतीचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. गावाने मैदान दिले, माणसे दिली, श्रम दिले. परंतु आपल्या अंगणातील सोहळ्याचा विधी कसा असावा, याविषयी त्याचे म्हणणे ऐकले गेले नाही. यजमान या शब्दाचा आपल्याकडील मूळ अर्थ, यज्ञ करविणारा, असा आहे. योमितानमध्ये यजमानाकडे केवळ सरपण पुरविण्याचे काम आले, मंत्र दुसऱ्यांचेच राहिले.

ही गोष्ट सर्व ठिकाणी इतक्या टोकाला गेली नाही, हे खरे. तरीही राष्ट्रीय विधी आणि स्थानिक पैसा यांतील हा ताण कोकुताईच्या रचनेतच आहे. अलीकडील आक्षेपांत मैदानांचे प्रमाणीकरण, सोहळ्यांचा डामडौल, कर्मचाऱ्यांवर पडणारा ताण यांचा उल्लेख होतो, तो याच ताणाचा आर्थिक आविष्कार आहे. जपानमधील अनेक प्रांतांत लोकसंख्या घटत आहे, वृद्धांचे प्रमाण वाढत आहे. ज्या गावात शाळा बंद पडत आहेत, त्या गावाला राष्ट्रीय दर्जाचे मैदान राखावयास सांगणे म्हणजे ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ असाच प्रकार होय.

६. गावात काय उरले?

येथवरच्या विवेचनावरून हा महोत्सव निव्वळ देखावा होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फुकुओका शहरात १९४८ च्या महोत्सवाच्या वेळी तयार झालेला रस्ता आजही ‘कोकुताई रस्ता’ या नावानेच ओळखला जातो. पण रस्त्यांपेक्षाही महत्त्वाचा वारसा वेगळ्या ठिकाणी आढळतो. यजमान प्रांत आपल्यातील शहरा-गावांना एकेका खेळाची जबाबदारी वाटून देत असे. पुरेशी हॉटेले नसलेल्या गावांत खेळाडूंना लोकांच्या घरी उतरविले जाई. त्यामुळे ज्या गावाने तो खेळ पूर्वी पाहिलाही नव्हता, त्या गावात तो घरोघरी पोहोचला.

इवाते प्रांतातील इवाते हे लहान गाव १९७० च्या महोत्सवात हॉकीचे यजमान होते. तेथे हॉकी रुजली आणि गावाची ओळख ‘हॉकीचे गाव’ अशी झाली. शिमाने प्रांतातील योकोता, म्हणजे आजच्या ओकुइझुमो गावाचा भाग, येथे १९८२ च्या महोत्सवाने हॉकी आणली. आज तेथील माध्यमिक शाळेचे नाव जपानी हॉकीत आदराने घेतले जाते. हॉकीला आपला खेळ मानणाऱ्या भारतीय वाचकाला ही उदाहरणे विशेष विचार करावयास लावणारी आहेत. ती गावे महानगरे नव्हती, त्यांच्यापाशी मोठी मैदानेही नव्हती. तेथे टिकला तो शाळेतला शिक्षक, रोजचा सराव आणि ‘हा आपला खेळ आहे’ ही भावना.

सम्राट चषकाच्या गुणतक्त्यात या गोष्टींची नोंद होत नाही. १९७० साली इवाते प्रांताने किती गुण मिळविले हे आज फारसे कोणाला स्मरत नसेल. तेथील मुले हॉकी खेळतात, हे मात्र दिसते. म्हणजे महोत्सवाचे जे सर्वांत मोलाचे फलित होते, ते मोजण्याचे मापच त्याने तयार केले नाही. जे मापले जात होते, ते विकत घेता येण्याजोगे होते. चिकित्सेचा रोख येथे असावयास हवा.

२०२४ पासून महोत्सवाच्या अधिकृत जपानी नावातील ‘ताईइकु’ म्हणजे शारीरिक शिक्षण हा शब्द जाऊन ‘स्पोर्ट्स’ हा शब्द आला. बदल काळाला धरून आहे. तरीही शिक्षण हा शब्द नावातून गेला असताना शिक्षणाचे अंग कृतीत टिकते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

७. भारतीय अनुभवाच्या आरशात

भारतातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धा राज्यांच्या संघांमध्ये होते. राज्य ही स्थानिक संस्था नव्हे, हा भेद ध्यानात ठेवूनही तुलना उद्बोधक ठरते. १९८५ पासून ऑलिंपिकच्या धर्तीवर भरू लागलेल्या या स्पर्धांत १९८७ साली केरळ, १९९४ साली महाराष्ट्र, १९९७ साली कर्नाटक, १९९९ साली मणिपूर, २००१ साली पंजाब आणि २००२ साली आंध्र प्रदेश यांनी सर्वसाधारण विजेतेपद मिळविले. ही सर्व राज्ये त्या त्या वर्षीची यजमान होती. म्हणजे ज्या काळात जपानमध्ये यजमानाचा विजय नियम झाला होता, त्याच काळात आपल्याकडेही तो जवळजवळ नियमच होता.

आपल्याकडे हा नियम मोडला तो कोणा राज्यकर्त्याच्या नकाराने नव्हे. २००७ च्या गुवाहाटी स्पर्धेपासून सेनादलाचा संघ अग्रस्थानी येऊ लागला आणि २०११, २०१५, २०२२ व २०२५ मध्येही तोच पहिला आला. सेनादलाला स्वतःचा प्रदेश नाही, म्हणून त्याला यजमानही होता येत नाही. वर्षभर पगार, सराव व शिस्त देणारी संस्था ही ऐनवेळी जमवाजमव करणाऱ्या यजमानापेक्षा सरस ठरते, हा यातील बोध आहे. २०२३ साली गोव्यात महाराष्ट्राने सेनादलाला मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला. तो यजमान नसताना मिळविलेला असल्यामुळे १९९४ च्या घरच्या विजयापेक्षा अधिक मोलाचा मानावयास हवा.

यजमानपदाच्या वारशाविषयी आपल्याकडील चित्र संमिश्र आहे. १९९४ च्या स्पर्धेसाठी पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडी येथे उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना उपयोगी पडले आणि आजही वापरात आहे. झारखंडमधील स्पर्धा वारंवार लांबणीवर पडत २०११ साली झाली आणि तिच्या खरेदीव्यवहारांतील गैरप्रकारांच्या आरोपांची चौकशी नंतर बरीच वर्षे चालली. गोव्यातील स्पर्धाही अनेकदा पुढे ढकलल्यानंतर २६ ऑक्टोबर २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सुरू झाली. लहान राज्याने एवढा व्याप पेलला आणि पदकतालिकेत नववे स्थान मिळविले, ही गोष्ट कोचीच्या दहाव्या क्रमांकाची आठवण करून देणारी आहे. या नवव्या क्रमांकाकडे अपयश म्हणून पाहण्याचे कारण नाही. त्या मैदानांवर आज गोव्यातील किती मुले खेळतात, हाच विचारण्याजोगा प्रश्न आहे.

याहून मूलभूत मुद्दा स्थानिक संस्थांचा आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत उद्याने, बगिचे व क्रीडांगणे यांची तरतूद स्पष्टपणे नमूद आहे. मात्र राष्ट्रीय स्पर्धेच्या यजमानपदाची चर्चा होते तेव्हा राज्य शासन, ऑलिंपिक संघटना आणि क्रीडामहासंघ यांचीच नावे पुढे येतात. ज्या नगरपालिकेने पुढील तीस वर्षे ते मैदान झाडावयाचे, त्यातील दिवे लावावयाचे, तिचे मत क्वचितच विचारले जाते. जपानमध्ये गावाला किमान एक खेळ तरी वाटून दिला जातो. आपल्याकडे तीही प्रथा नाही.

समारोप

महोत्सव बंद करावा काय, या मुराई यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणे सोपे आहे. परंतु तो बंद झाल्यास राष्ट्रीय क्रीडाजीवन पुन्हा पूर्णतः राजधानीकडे सरकेल आणि योकोतासारख्या गावाला राष्ट्रीय स्तरावर यजमान होण्याची संधी कधीच मिळणार नाही. म्हणून फिरते यजमानपद टिकवावे आणि चषकाचा निकष बदलावा, हा मार्ग अधिक विवेकाचा वाटतो. यजमान संघाने खेळात पूर्ण सहभाग घ्यावा, मात्र एकूण गुणांच्या चषकासाठी त्या वर्षी त्याचा विचार होऊ नये. असे झाल्यास विजय विकत घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. राजधानीच्या मक्तेदारीवरही उपाय शक्य आहे. प्रत्येक प्रांताची तुलना इतरांशी करण्याबरोबरच त्याच्या स्वतःच्या मागील कामगिरीशी केली, तर लहान प्रांताची प्रगतीही दिसू लागेल. सोहळ्याचे स्वरूप ठरविताना यजमान गावाच्या सभेचे मत बंधनकारक नसले तरी विचारात घेणे अनिवार्य असावे. दोन-तीन शेजारी प्रांतांनी मिळून यजमानपद घेण्याचा विचारही याच दिशेने नेणारा आहे.

भारताच्या संदर्भात यजमान राज्याचे मूल्यमापन समारोपाच्या दिवशीच्या पदकतालिकेवरून न करता दहा वर्षांनी व्हावे. ते मैदान सकाळी कोण उघडते, आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील किती मुलेमुली तेथे सरावाला येतात, बाहेरून आणलेले प्रशिक्षक व खेळाडू तेथे टिकले काय, देखभालीचा खर्च कोणत्या संस्थेच्या अंदाजपत्रकात पडतो, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे गोळा करण्यास फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. एखाद्या महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व लोकप्रशासन या विभागांनी एकत्र येऊन आपल्या जिल्ह्यातील एका क्रीडासंकुलाचा असा अभ्यास हाती घेतला, तरी पुढील यजमानपदाचा निर्णय घेणाऱ्यांपुढे घोषणांऐवजी पुरावा ठेवता येईल. बालेवाडीला तीस वर्षे उलटून गेली आहेत. गोव्यातील मैदाने अजून नवी आहेत. एका ठिकाणी काय टिकले हे मोजता येईल आणि दुसऱ्या ठिकाणी काय टिकवावयाचे हे वेळेत ठरविता येईल. त्यासाठी हीच वेळ योग्य आहे.